आकाशातल्या गाड्यांचं पुस्तक अन् दसऱ्याचं कुंकू

वॉचमनचा फोन आला का मॅडम गेटवर आल्या, अन् त्यांचं पुस्तक माह्या हातात होतं, अन् पुस्तकावर कुंकू होतं.

काही सुचलं नाही म्हणून ओढणीचा कोपरा पाण्यानं ओला केला अन् पुसलं. तेच नडलं. टिळा होता तेव्हा बोटाएवढा होता, पुसल्यावर तळहाताएवढा झाला, अन् कुंकवाखालची हळद तं त्या पांढऱ्या कापडात अशी शिरली का निघायचं नाव नाही. पुस्तकाचं कव्हर कापडाचं होतं. पांढऱ्या कापडाचं पुस्तक कोण बनवते, मले सांगा.

मी वाडीले एका गोडाऊनमध्ये पॅकिंगले आहे. नववीपर्यंत शिकली, मंग लग्न झालं, मंग पोरगी झाली. लोक मोबाईलवर जे मागवतात ते आमच्याकडून भरून जाते. माह्या टेबलावर महागाची पुस्तकं येतात, बाहेर देशातली. प्लास्टिक काढायचं, कोपरे पाहायचे, पानं पाहायची, मंग पॅक करून स्कॅन करायचं. स्कॅन केलं का मशीनमध्ये माहा आयडी चढते. आयडी म्हणजे कोणी पॅक केलं त्याचा नंबर. माल खराब निघाला का आयडीवरून माणूस सापडते. बाजूच्या टेबलावरची छायाताई म्हणते, "आयडी म्हणजे गायीच्या गळ्यातली घंटी वं, कुठंही लपली तरी वाजते."

या मॅडमचं नाव आम्हाले मशीनवरून पाठ झालं होतं. हेच पुस्तक त्यांनी आधी दोनदा मागवलं अन् दोनदा परत केलं. कारण एकच, कोपरा दबला. तिसऱ्या वेळी त्यांनी लिहिलं का घरी पाठवू नका, मीच येऊन नेते. त्याले सेल्फ पिकअप म्हणतात. ते नेमकं दसऱ्याच्या दिवशी आलं.

मॅनेजर गोतमारे सर सावनेरकडं गावाले गेले होते. जातानी सांगून गेले, पूजा करून घ्या अन् मंग अर्धा दिवस काम. पूजा भाऊराव करतात. ते आमच्याकडले सगळ्यात जुने हमाल. त्यांनी वजनकाट्याले हळद-कुंकू लावलं, ट्रॉलीले लावलं, टेपच्या मशीनले, स्कॅनरले, कटरले, सगळ्याले झेंडू वाह्यला. मी डोळे मिटून हात जोडून उभी होती. पोरीले सकाळपासून ताप होता, घरमालकीणबाईपाशी ठेवून आली होती, तेच देवाले सांगून राहिली होती. डोळे उघडले तं भाऊरावांचं बोट पुस्तकावरून उठत होतं.

"भाऊराव, हे काय केलं?"

"काहून? विद्या आहे ना ते. दसऱ्याच्या दिवशी टेपमशीनले पुजलं अन् पुस्तकाले सोडलं तं सरस्वती काय म्हणंल?"

छायाताई म्हणे, "सरस्वती काही नाही म्हणणार, गोतमारे सर म्हणतील."

सगळे हसले. मलेच हसू आलं नाही. टेबल माहं होतं.

सरले फोन लावला.

"सर, पुस्तकाले कुंकू लागलं."

"कोणत्या पुस्तकाले?"

"मोठ्या. आकाशातल्या गाड्यावाल्या."

तिकडं ट्रॅक्टरचा आवाज होता. मंग सर म्हणे, "मी मशीनींची पूजा करा म्हणलं होतं. गिऱ्हाइकाच्या मालाची कोण सांगतली?"

"झालं सर. आता काय करू?"

"खोक्यात टाक, टेप मार, देऊन टाक. घरी जाऊन उघडंल तेव्हा उघडंल. सणाच्या दिवशी कटकट नको."

"अन् मंग?"

"मंग तुह्या आयडीवर येईल. पाहू."

फोन कट.

पाहू म्हणजे काय ते मले माहीत होतं. पावसाळ्यात एका बाईच्या आयडीवर फुटलेला मिक्सर परत आला, तेव्हाही सर पाहू म्हणले होते, अन् थोड्या दिवसांनी त्या बाईच्या टेबलावर दुसरीच बाई होती. माहा नवरा ट्रकवर आहे, तेव्हा चेन्नईच्या रस्त्याले होता, फोन लागत नव्हता. ते घरी नसले का खोली, पोरगी, दवाखाना सगळं या नोकरीवरच चालते. भाऊरावांचं नाव सांगावं असं एकदा मनात आलं. ते तिकडं सगळ्याइले चिवडा वाटून राहिले होते. नाही सांगतलं.

पुस्तक पालथं ठेवलं, कुंकवाची बाजू खाली. बबल गुंडाळलं, कोपऱ्याले पुठ्ठा लावला, टेप मारला. घाईत टेप दोनदा चिकटून फाटला.

मॅडम गेटजवळच्या काउंटरवर उभ्या होत्या. वयानं माह्या मायएवढ्या असतील. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हाताच्या बगलेत घडी केलेली रजई. म्हणल्या, पुस्तक गाडीच्या डिक्कीत बसणार नाही, पायापाशी रजईवर ठेवून नेते.

मी खोकं पुढं केलं.

"उघडा," मॅडम म्हणल्या. "कोपरे बघून घेते. दोनदा फसलेय."

"घरीच पाहा ना मॅडम. आज सण आहे."

"असू दे, घरी कोणी वाट पाहत नाहीये. उघडा."

मी कटर चालवला. पुस्तक पालथं होतं तसंच निघालं. मॅडमनं बोटाच्या टोकानं एक कोपरा पाह्यला, मंग दुसरा, मंग दोन्ही खालचे. लहान लेकराचे कान पाहतात तसं. अन् त्यांचा चेहरा असा मोकळा झाला का मले रडूच येऊन राह्यलं.

"छान आहेत हो कोपरे," म्हणल्या. अन् पुस्तक उलटवलं.

पुस्तक उजेडाकडं धरलं. मंग हळूच म्हणल्या, "हे रक्त आहे?"

"नाही मॅडम. कुंकू आहे. दसऱ्याची पूजा होती, टेबलावर होतं तं लागलं. मी पुसलं मॅडम, पुसलं म्हणून पसरलं, मी मुद्दाम नाही केलं, माही पोरगी..." मंग काय काय बोलली मले आठवत नाही. एका दमात बोलली.

मॅडम बाजूच्या रद्दी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसल्या. रजई मांडीवर घेतली, तिच्यावर पुस्तक.

"माझ्याकडे या अंतराळातल्या सिनेमांची सगळी पुस्तकं आहेत," म्हणल्या. "हे एकच नव्हतं."

"सगळी वाचली का मॅडम?" भेव वाटलं का मी काहीही विचारते.

"वाचायची नसतात. चित्रं असतात. सिनेमा बनवायच्या आधी चित्रकार सगळं कागदावर काढतात. जहाजं, शहरं, कपडे. तीच चित्रं यात असतात. आणि मी उघडत नाही. उघडलं की बांधणी सैल होते, बोटं उठतात पानांवर."

"मंग पाहता कधी?"

त्यांनी झटक्यानं मान वर केली. मले वाटलं आता ओरडतात.

"बाहेरून पाहते," म्हणल्या.

मंग काय मनात आलं काय जाणे, त्यांनी पुस्तक उघडलं. म्हणे, हे आता खराबच झालंय. अन् पान उलटवलं. मंग दुसरं. मंग जोरात जोरात उलटवू लागल्या, अन् परत मागं येऊन हळूहळू. मले म्हणल्या, "इकडे ये, बस."

मी बसली. असं पुस्तक मी रोज भरते, पण पानं पाहायची म्हणजे फाटलं का तेवढंच पाहायचं. चित्र पाहायले कोण देते वेळ. एका पानावर ढगाले खालून लटकलेलं शहर होतं, त्याच्या खिडक्या पेटलेल्या. एकावर नुसती वाळू अन् मोडकी गाडी. एकावर एक बाई होती, गाडी चालवणारी, पाठीवर लेकरू बांधलेलं.

"हिचं काय होते सिनेमात?" मी विचारलं.

"ही सिनेमात नाही. काढली, पण घेतली नाही. अशी खूप असतात. म्हणून तर ही पुस्तकं घ्यायची."

"यातला पहिला सिनेमा कोणासोबत पाह्यला?"

"बाबांसोबत. बर्डीवरच्या टॉकीजमध्ये. ते पूर्ण सिनेमाभर घोरत होते." मॅडम हसल्या. "पण परत नेलं त्यांनी. परत झोपले."

"अन् आता?"

"आता लॅपटॉपवर."

रस्त्यानं ट्रक जात होते, बोनेटवर झेंडूच्या माळा. आम्ही दोघी पुठ्ठ्यावर बसून शेवटच्या पानापर्यंत गेलो. लग्न झाल्यापासून माह्याजवळ कोणी इतका वेळ बसलं नव्हतं, अन् बसल्या तं ह्या मॅडम, ज्यांच्यापायी माही नोकरी जाणार होती.

मॅडमनं पुस्तक मिटलं. डागावर तळहात ठेवला.

"नेता येईल," म्हणल्या. "पण नेलं तर रोज हेच दिसेल मला. बाकी काही दिसणार नाही."

त्यांनी मोबाईल काढला. परत करतानी कारण निवडावं लागते. माल खराब निघाला, चुकीचा आला, असं लिहून असते, त्यातलं एक दाबायचं.

"खराब दाबलं तर काय होतं?"

"मले बोलावतात मॅडम. आयडी माहा आहे."

"आणि मग?"

मी पावसाळ्यातल्या बाईचं सांगतलं.

मॅडमनं काहीतरी दाबलं. पुस्तक माह्या हातात दिलं, रजईची घडी केली, हेल्मेट घातलं. जातानी म्हणल्या, "पोरीला दाखवून आण डॉक्टरला." गेटच्या बाहेर गाडी सुरू व्हायले त्रास देत होती, दोन-तीन किका माराव्या लागल्या. मंग आवाज गेला.

मी मशीनपाशी पळाली. मले इंग्रजी वाचता येते पण लागलीच समजत नाही. छायाताईनं वाचलं.

"हे काय वं? 'आता नको' दाबलं त्या बाईनं."

"मंग?"

"मंग काय! आता नको म्हणलं का कोणाले विचारत नाही. तुह्या आयडीवर काहीच नाही. सुटली तू." मंग तिनं परत स्क्रीनकडं पाह्यलं. "पण बदली पुस्तकही नाही भेटत. खराब दाबलं असतं तं बाहेरून दुसरं येऊ शकत होतं. 'आता नको' म्हणलं का बदलीच्या यादीतून नावच उडते. अन् ही छपाई संपली, नव्यानं मागवता येत नाही म्हणून लिहून आहे इथं."

मी गेटवर पळत गेली. रस्त्यावर नुसते ट्रक. आमच्या मशीनवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर दिसत नाही, नंबराच्या जागी फुल्या असतात. तसा नियमच आहे, पॅकिंगवाल्यांनी गिऱ्हाइकाले फोन करू नये म्हणून.

सुट्टीनंतर गोतमारे सर आले, मशीन पाह्यली, म्हणे, "पाहा, तिले नकोच होतं. उगाच घाबरली तू." कुंकवाचं त्यांनी विचारलंच नाही. पुस्तक डॅमेजच्या रॅकवर गेलं, अन् नंतर डॅमेजचा लॉट उचलायले गाडी आली तेव्हा फुटक्या डब्यांसोबत तेही गेलं. भाऊरावले मी काही सांगतलं नाही. सांगतलं असतं तं त्यांनी पुढच्या दसऱ्याले हातच आखडला असता.

पोरीचा ताप उतरला. नवऱ्याचा फोन लागला तेव्हा मी सगळं सांगतलं, ढगाखालच्या शहरापर्यंत. तिकडून ते म्हणे, "नोकरी राह्यली ना? झालं तं मंग." मी म्हणलं, हो, झालं.

मॅडमचं नाव मी अजून मशीनवर शोधत राहते. परत आलं नाही.

रिटर्नच्या पाकिटावर 'आता नको' असं येते तेव्हा बाकीच्या पोरी म्हणतात, लोकाइले काही कामधंदा नाही, मागवतात अन् परत करतात. मी माल तपासते, स्कॅन मारते, रॅकवर ठेवते. त्या कारणावर मात्र माहा विश्वास नाही.