अण्णांच्या घराचा नकाशा

सळईला हात लावायची अण्णांची एक खास पद्धत होती. तळहात नाही, पालथा हात. घरात कुणाला कणकण वाटली की आई कपाळाला लावते तसा. स्लॅबची जाळी बांधून तयार, काँक्रीटची गाडी फाटकाशी घरघरत उभी, आणि अण्णा वाकून चार ठिकाणी हात लावून जाहीर करायचे, "ताप हाय. उतरू द्या." मग सळयांवर, फळ्यांवर पाण्याचा पाइप फिरायचा. पुन्हा हात लावून बघायचा. गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. स्लॅब अगदी पहाटे टाकायचा म्हटलं तरी बहरीनच्या जुलैत लोखंड आदल्या दिवसाचं ऊन धरून बसतं, हे मला पुण्याच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. ते अण्णांनी सांगितलं.

मी बहरीनच्या हूरा भागातल्या एका लहानशा ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आम्ही घरांचे नकाशे काढायचो आणि ती घरं तिकडे सनद नावाच्या वस्तीत उभी राहायची. ती बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे अण्णा फोरमन होते. मूळचे बार्शीजवळच्या एका खेड्यातले. पंचावन्नी ओलांडलेली, रंग उन्हानं रापलेला, डोक्यावर ओला पंचा. खरं नाव रेसिडेंट कार्डावर होतं, एरवी सगळ्यांच्या तोंडी अण्णाच. बहरीनी घरमालकसुद्धा त्यांना "आन्ना" म्हणत. एका आजोबांना स्लॅबची भलतीच घाई होती. ते रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन यायचे आणि विचारायचे, "आन्ना, कल होगा?" अण्णा त्यांचा चहा पिऊन म्हणायचे, "इंशाल्ला बाबा. ताप उतरेगा तो होगा." मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी मला पहिल्या दिवसापासून त्यांनी ताई म्हटलं.

काँक्रीट घट्ट वाटलं की गाडीवाले त्यात गुपचूप पाणी सोडतात. माल भराभर सरकतो, आणि पुढे स्लॅब कच्चा राहतो. अण्णा यावर कधी भांडले नाहीत. ते त्या पाण्याच्या नळीवर पाय देऊन उभे राहायचे आणि ड्रायव्हरची विचारपूस करायचे. "घर में सब ठीक? बच्चा कौनसी क्लास में गया?" सगळ्या खानदानाची चौकशी होईपर्यंत गाडी रिकामी झालेली असायची. मग नळीवरचा पाय काढून म्हणायचे, "खलास. यल्ला, जाव."

खरा जीव त्यांचा पाण्यात, म्हणजे स्लॅब टाकल्यावर त्याच्यावर मारायच्या पाण्यात. ओली गोणपाटं अंथरायची आणि ती सुकू द्यायची नाहीत. शुक्रवारी सुट्टी. सलमाबादच्या कामगार कॅम्पमध्ये कुणी झोपलेलं, कुणी कपडे धूत बसलेलं, कुणी घरी व्हिडिओ कॉल लावलेला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसनं सनदला यायचे, गोणपाटं भिजवायचे आणि परत जायचे. एकदा मला ते बसस्टॉपवर दिसले म्हणून मी गाडी थांबवली. "सुट्टीचं कुठे निघालात, अण्णा?" तर म्हणाले, "लेकराला आंघोळ घालून आलो, ताई." भेग पडली म्हणजे कुणीतरी पाणी मारायला कंटाळलंय, असं त्यांचं सरळ गणित होतं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

एका गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या ऑफिसात आले. चपला दाराबाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर बसले. गावातलं घर दोन भावांना लहान पडत होतं. आता शेतात दोघांना मिळून एक घर बांधायचं होतं. "गावचा मेस्त्री म्हणतो नकाशा कशाला. पण म्हटलं, एवढ्या लोकांची घरं ताईंच्या नकाशावर बांधली, माझं बी तुमच्याच नकाशावर होऊ द्या."

मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू. शिवाय मला त्या संध्याकाळी एके ठिकाणी जेवायला जायचं होतं. मी सनदच्या एका घराचा नकाशा उघडला, त्यातल्या चार खोल्या काढल्या, दोन बदलल्या. देवघर कुठल्या दिशेला, चूल कुठे, वर मजला चढवायचा का, हे सगळं आपुलकीनं विचारलं. खाली माती कुठली, हे विचारलं नाही. इंजिनिअरनं सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तो. सनदला आमच्या त्या घराखाली मीटरभर खणलं की टणक जमीन लागली होती. तोच पाया, तीच खोली मी तशीच राहू दिली. मालकाच्या नावाच्या जागी मात्र अण्णांचं नाव देवनागरीत टाकलं. अण्णांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दोन प्रती मागितल्या. एक गावी पाठवली. दुसरी प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली आणि कॅम्पमध्ये आपल्या कॉटच्या वर भिंतीला लावली.

बार्शी-सोलापूरकडच्या वाचकांच्या लक्षात एव्हाना आलंच असेल. त्यांचं शेत काळ्या मातीचं. पावसात ती माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर जे उभं असेल त्याला वरखाली करत राहते. तिच्यात घर बांधायचं तर मुरूमाचा टणक थर लागेपर्यंत खाली जावं लागतं. आपले पूर्वज गाव पांढरीत वसवायचे आणि काळीत फक्त पेरायचे, ते काही उगाच नाही.

अण्णांच्या धाकट्या भावानं हे सांगितलंही होतं. मी साइटवर असताना त्याचा फोन आला, अण्णांनी तो स्पीकरवर घेतला. "अण्णा, मेस्त्री म्हणतोय अजून खाली जाऊ. मुरूम लागंना झालाय."

"नकाशात किती लिवलंय?"

"त्येवढं झालं की खणून."

"मग बास. इंजिनिअर हायेत त्या. तुझा मेस्त्री किती शिकलाय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि मी हसले. माझ्या हातात सळयांची यादी होती, मला ती त्या दिवशी संपवायची होती. मुरूम हा शब्द मी ऐकला, पण तो कानात शिरला नाही.

घर झालं. अण्णा रजा काढून वास्तुशांतीला जाऊन आले, आमच्या ऑफिसात पेढे वाटले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग थेट छतापर्यंत गेलेली. दार चौकटीत अडकलेलं. हॉलची फरशी मधेच उचललेली. मग व्हिडिओ काढणारा घराबाहेर आला आणि जमीन दिसली. काळीभोर, आणि हात जाईल इतकी फाटलेली. सगळं त्याच क्षणी कळलं.

"पाणी मारलं न्हाई ह्यानं," अण्णा म्हणाले. "ताई, पाण्याचाच दोष ना हा?"

मी म्हणाले, "असेल."

एवढंच बोलले मी. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "चार बादल्या पाणी जड झालं व्हय रं तुला?" भाऊ आईची शपथ घेऊन सांगत होता की एकवीस दिवस रोज पाणी मारलंय. अण्णा म्हणाले, "नकाशा ताईंचा हाय. त्यात चूक न्हाई. मग कुणाची चूक, सांग की." आणि फोन बंद केला.

त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं तुटलं. पुढच्या वर्षी पुतणीचं लग्न होतं. रजा मंजूर झाली होती, तरी अण्णा गेले नाहीत. लग्नाच्या दिवशी कामावर आले. गाडीवाल्याच्या पोराबाळांची चौकशीसुद्धा केली नाही. मी छत्रीखाली उभी राहून बघत होते. उद्या सांगू, असं मी दोन वर्षं रोज म्हणत आले. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली नसती, कुणी मला जाब विचारला नसता. अण्णांच्या नजरेतून उतरेन, एवढीच भीती होती. तेवढ्यासाठी मी दोन सख्खे भाऊ एकमेकांपासून तोडून ठेवले. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

मग साठी झाली म्हणून कंपनीनं त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. जायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी मी सलमाबादला त्यांना भेटायला गेले. ते बॅग भरत होते. भिंत रिकामी दिसली म्हणून मी बॅगेत पाहिलं. नकाशाला घडी पडू नये म्हणून त्यांनी तो सगळ्यात खाली सपाट अंथरला होता आणि त्यावर कपडे रचत होते. ते बघून माझ्याच्यानं राहवेना.

"अण्णा, भावाची चूक नव्हती," मी म्हणाले. "पाया उथळ होता. तो सनदच्या जमिनीचा पाया होता. तुमची माती कुठली, ते मी विचारलंच नाही."

ते कॉटवर बसले. बराच वेळ हातातल्या बनियनची घडी घालत राहिले. "त्यो म्हणत होता," ते म्हणाले. "अजून खाली जाऊ म्हणत होता." मग वर बघून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"व्हिडिओ दाखवलात तेव्हाच."

चूक झाली होती ती त्यांनी पोटात घातली असती, असं मला अजून वाटतं. मी दोन वर्षं लपवून ठेवलं, हे घालता आलं नाही. ते उठले, फोन घेऊन बाहेरच्या गॅलरीत गेले. "मी बोलतोय," एवढंच मला ऐकू आलं. आत आले तेव्हा डोळे लाल होते. बॅगेची चेन ओढत मला म्हणाले, "चहा घेता का, मॅडम?"

ते गेल्यावर मी सात-आठ वेळा फोन केला. उचलला नाही. मग मेसेज पाठवला: घर वाचवता येईल, दुरुस्तीचा नकाशा मी काढून देते, फक्त मुरूम किती खाली आहे ते कळवा. मेसेज वाचल्याची निळी खूण आली. उत्तर आलं नाही. महिना गेला, दुसरा संपत आला.

परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. अण्णांचा धाकटा भाऊ होता. "मॅडम, घराच्या कडंला खड्डा घेतला. मी आणि अण्णांनी मिळून खणला. साडेअकरा फुटांवर मुरूम लागलाय. लिहून घ्या." मी लिहून घेतलं. तो जरा अडखळला. "अण्णा हितंच बसल्यात. विचार म्हणतायत, ह्या बारीला माती कुठली धरणार?"

"काळी," मी म्हणाले.

"काळी म्हणतायत," त्यानं तिकडे सांगितलं. मग लांबून अण्णा म्हणाले, "पाठवा म्हणावं."

"पाठवा म्हणतायत," भाऊ मला म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.