बिनड्रायव्हरचं डिझेल

दक्षिणेतलं पहिलं स्वदेशी डिझेल इंजिन आमच्या घराण्यानं बांधलं. रेल्वेच्या इतिहासात त्याची नोंद नाही, कारण ते हातभर लांब होतं आणि मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या न्हाणीघरात तयार झालं.

त्यामागचं कारण आमचे अप्पा. जन्मभर वाफेचं इंजिन चालवलेला माणूस! डिझेलच्या शिक्षणासाठी त्यांचं नाव लागलं, आणि नेमके तेव्हाच ते डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. निरोप समारंभात साहेबांनी हार घालून त्यांना 'रेल्वेचे डोळे' म्हटलं. (ज्याला डोळ्यांपायी घरी धाडलं, त्याला!) त्या दिवसापासून अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. वाढलं तर जेवत. बोलणं बंद.

नवरात्र आलं. आम्हा तंजावरी मंडळींकडे पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडतात आणि त्यात दरवर्षी एक तरी नवी बाहुली लागते.

"यंदा नवं काही नको," आई म्हणाली. "हे उठून बघणारही नाहीत."

"मी डिझेल इंजिन करतो. त्यासाठी तरी उठतील."

"तुला जमेल?"

"आई, मी गिंडीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे!"

"म्हणूनच विचारलं."

मूर मार्केटातून मी खेळण्यातल्या इंजिनांची दोन प्लॅस्टिकची टरफलं आणली. दोन्ही एकाच साच्यातली : पुढे केबिन, मागे आखूड धड. खरं डिझेल लांबलचक. तेव्हा एकाची केबिन कापायची आणि उरलेलं धड दुसऱ्या अख्ख्या इंजिनाच्या मागे चिकटवायचं. सोपं! मी सुबक ड्रॉइंग काढलं, आणि कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे दोन्ही नग त्याच ड्रॉइंगबरहुकूम कापले. दोन्ही केबिनींचा करवतीखाली चुरा झाला. मला वाईट वाटलं नाही. त्या नकोच होत्या.

जोडून झाल्यावर लक्षात आलं, की इंजिनाला दोन पाठी आहेत आणि तोंड एकही नाही.

"हे असंच असतं?" आईनं विचारलं.

"डिझेलचं असंच असतं," मी म्हणालो, आणि वर हिरवा रंग फासला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या मामी आल्या. "एन्नदु इदु? सोप्पु डब्बा?"

"साबणाचा डबा नाही हो मामी! डिझेल आहे. नवीन!" आई तोऱ्यात म्हणाली. लगेच मामींनी इंजिनाला कुंकू लावलं. मग बाकीच्या बायकांनीही लावलं. एकीनं नमस्कारसुद्धा केला. एवढी गडबड कसली म्हणून आतून अप्पा उठून आले!

बायका बाजूला सरल्या. अप्पांनी इंजिन उचललं आणि ते बोटांनी बघू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत.

"ड्रायव्हर कुठं बसतो?"

इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि तेच!

"अप्पा, तो... नवा प्रकार आहे."

"प्रकार असू दे. माणूस कुठं बसतो?"

"राहिला," मी म्हणालो.

"राहिला," अप्पा हळूच म्हणाले, आणि त्यांनी इंजिन जागेवर ठेवलं. आई प्रसादाचं सुंडल आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही.

सकाळी अप्पांनी कॉफीचा रिकामा डबा मागून घेतला. पत्रा कापून, चाचपत चाचपत केबिन केली आणि बसवली ती पार मागच्या टोकाला. समोर सगळं लांब धड, वाफेच्या इंजिनासारखं.

"अप्पा, डिझेलमध्ये ड्रायव्हर पुढे बसतो."

"तू बघितलंयस?"

"चित्रात."

"मी तेही नाही," अप्पा म्हणाले. "असू दे मागे. मला सवय आहे."

मग ते माझ्याशी सिग्नलांबद्दल बोलत राहिले, अगदी जेवणाची हाक येईपर्यंत. त्याच वर्षी मार्गळी महिन्याच्या थंडीत अप्पा गेले.

पुढे एकदा एग्मोर स्टेशनात खरं डिझेल आत शिरताना पाहिलं. लांब धड पुढे, आणि पार मागच्या केबिनीतून मान बाहेर काढून बघणारा ड्रायव्हर! अप्पांचं बरोबर होतं. त्यांना सांगायला म्हणून मी धावत बस पकडली. निम्म्या वाटेत आठवलं.

तिकीट घरापर्यंतचं काढलं होतं, म्हणून बसून राहिलो.