चाकाखालची लिंबं

सकाळी पार्किंगमध्ये शेजारच्या काकांच्या नव्या गाडीची पूजा चालली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, बाजूच्या आरशावर झेंडूचा हार, चारही चाकांखाली एकेक लिंबू. स्टिअरिंगवर त्यांची मुलगी बसली होती, मागच्याच आठवड्यात लायसन्स मिळालेली. तिनं गाडी सुरू केली तसा आतून टिंगटिंग आवाज यायला लागला.

"बाबा, बेल्ट लावायला सांगतेय."

"अगं, गेटपर्यंत तर जायचंय. पाठीमागून अडकव, गप्प बसेल."

काकांनीच वाकून पट्टा तिच्या पाठीमागून घेतला आणि खटक्यात अडकवला. आवाज थांबला, लिंबं चिरडली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि पेढा खाल्ला.

आपण मोठी गमतीची माणसं. न दिसणाऱ्या नजरेला घाबरून लिंबं ठेवतो, आणि मागची गाडी ज्यात दिसते त्या आरशावर हार घालतो. गाडी स्वतः ओरडून सांगते, तर आधी तिचं तोंड बंद करतो.

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीखाली आईनं अशीच चार लिंबं ठेवली होती, बाजारातून निवडून आणलेली. दोन महिन्यांनी हायवेवर अपघातात तो गेला, तेव्हा गाडीतला पट्टा रिकाम्या सीटवर पाठीमागून नीट अडकवलेला सापडला. आई अजून म्हणते, पूजेत काहीतरी राहिलं असणार.

त्या दिवशी तो निघताना तो पट्टा मी अडकवून दिला होता, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.