ताईच्या गाडीतला पंखा

भाऊजी गेल्यानंतर त्यांची गाडी जऊळक्याला ताईच्या अंगणात नुसती उभी होती. जुनी पेट्रोलची गाडी, पण भाऊजींनी हौसेनं तिला इलेक्ट्रिक सुपरचार्जर बसवून घेतला होता. म्हणजे विजेवर फिरणारा छोटा पंखा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि चढावर गाडी हलकी होऊन वर जाते. तेव्हा बॉनेटखालून बारीक शीळ यायची. भाऊजी बोलता बोलता थांबायचे आणि ती ऐकत राहायचे.

थंडीतल्या एका सकाळी ताईचा फोन आला.

"मी गाडी शिकली. पण ते शिटी काही वाजून नाही राह्यली. चढावर गाडी दमते. गॅरेजवाला म्हणते, पंखाच काढून टाका."

"मंग?"

"मले नाही काढाचा. तू येऊन पाह्य."

कारंज्यात आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार मीच भरते. सुपरचार्जर कधी उघडला नव्हता, तरी मीटर आणि पाने-पक्कड पिशवीत टाकून मी मिळाली ती पहिली बस धरली.

दुपारचं ऊन अंगणात पिवळं, पातळ पसरलं होतं. कुंपणापलीकडे तूर फुलली होती. मी आधी एअर फिल्टर काढला. तो गच्च भरला होता. झटकला तर सोयाबीनचं कुटार, बारीक सोनेरी भुसा, ताईच्या पदरावर पडला.

तिनं तो तळहातावर घेतला. "मळणीच्या टायमाले ते गाडी थेट शेतात घेऊन गेले होते," ती म्हणाली. "तवाचं हाये हे."

वारा आला तसा तो भुसा थोडा थोडा उडाला. तिनं मूठ मिटली नाही.

फिल्टर साफ झाला, तरी पंखा फिरेना. फ्यूज चांगला होता. पंख्यासाठी डिकीत ठेवलेली बॅटरी पूर्ण भरलेली होती. ताईला सीटवर बसवून मी सांगितलं, "चावी फिरव फक्त, इंजिन सुरू नको करू. आता पाय दाब."

रिले, म्हणजे मोटारीला वीज सोडणारा खटका, टक् करून वाजला. मोटार मात्र गप्पच. मीटर लावला तर मोटारीपर्यंत वीज नावालाच येत होती. मग मी मोटारीतून वीज परत नेणारी काळी वायर पाहत पाहत खाली गेले. जिथं ती बॉडीच्या पत्र्याला आवळली होती तिथं गंजाचा थर चढला होता. एवढंच. बोल्ट सोडला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासला, पुन्हा आवळला.

"दाब आता."

पंखा फिरला. शीळ हळूच उठली आणि अंगणभर झाली. ताईचा पाय तसाच राहिला. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "सोड, बॅटरी उतरते."

ती पदरानं डोळे पुसत उतरली. "चाल, तुले घरी सोडून देतो."

"कारंजापर्यंत? एकटी वापस येशील?"

"काहून नाही येणार?"

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंनी तुरीची पिवळी शेतं मागं सरत होती आणि मला सारखं वाटत होतं, गाडी उभी आहे, जमीनच वाहते आहे. चढ आला की ताई पाय दाबायची, शीळ यायची, आणि रस्ता आपोआप खाली जायचा. एकदा ती हसली.

मला दारात उतरवून ती चहालाही थांबली नाही. अंधाराआधी फोन आला, "पोचली वं मी."

आता मळणी संपली की फिल्टर तीच झटकते, वायरीचे बोल्ट तीच आवळून पाहते. परवा इंझोरीला लेकीकडे गेली होती. तिथून फोन करून विचारत होती, हवेच्या पाइपाची पट्टी ढिली झाली तर किती आवळायची.

"हातानं पाइप फिरला नाही पाह्यजे, बस," मी सांगितलं.

"थांब," ती म्हणाली, आणि फोन लेकीच्या हातात देऊन बॉनेट उघडायला गेली.