मामांची हळद आणि सतराचा पाढा

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माणसाच्या डोक्याचा ताव ओळखणारा माणूस एकच, आणि तो जन्मात कधी एसटी पकडायलाही धावलेला नाही: माझे कुरुंद्याचे मामा. आई-बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तेव्हा सहा महिने मी मामांकडे. पायात चप्पल नसायची; तापल्या वाटेवर पाय भाजू नये म्हणून शाळेतून पळत घरी यायचे. पळायला शिकले ती अशी.

मामा गावोगाव हळद शिजवून द्यायचे. कच्ची राहिली तर नीट वाळत नाही, जास्त शिजली तर रंग उतरतो. कढईतलं हळकुंड उचलून त्यात काडी टोचायची आणि म्हणायचं, "बराबर. उतरवा!" माणसंही त्यांच्या लेखी हळदच. फक्त माणसाला काडी टोचता येत नाही, म्हणून ते सतराचा पाढा म्हणायला लावायचे. घडाघडा आला तर "कच्चं हाय, झोपून राहिलंय." सारखा चुकला तर "उतू चाललंय." एकदाच अडकून पुढे गेला की "बराबर." एक नवरदेव मांडवात सतरा त्रिकला रडकुंडीला आला, तर मामांनी भटजींना थांबवून आधी त्याला पाणी पाजलं.

मला मात्र त्यांनीच एकदा जास्त शिजवलं. तालुक्याच्या शर्यतीआधी "ती पलीकडची पोरगी तुला हसून राहिली," असं खोटंच सांगितलं. मी इतकी पेटले की शिट्टीआधीच दोनदा पळाले आणि बाद झाले. परतीच्या वाटेवर मामा हळूच म्हणाले, "बाई, जाळ मीच जास्त लावला."

पुढे कॉलेजात विद्यापीठाच्या निवडीची आठशे मीटर आली. पहिल्या दोघींना खेळाडूंच्या वसतिगृहात जागा, नाहीतर बी.ए. सोडून आईबरोबर कोयता. मामा मैदानाच्या कडेला उभे, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"मामा, सतराचा म्हणा."

"सतरा एके सतरा, सतरा दुणे..." ते थांबले. "दुणे किती गं?"

"तुमीच उतू चाललाव की!"

"व्हय गं, मोठी आली शिजवणारी!"

दोघंही पोट धरून हसलो. मग मी पाढा म्हटला. सतरा सातेला अडकले, पुढे गेले.

"बराबर," मामा म्हणाले. "उतरवा!"

मी दुसरी आले.

आता हळद शिजवायला वाफेची यंत्रं आलीत, मामांना कोणी बोलवत नाही. हंगामात ते ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या शेतातून येणारा वास घेतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "घाई केली, कच्ची हाय." मी पदवीचा कागद घेऊन गेले, तर तोही त्यांनी आधी नाकाला लावला. मग म्हणाले, "बराबर."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.