सुमनबाईंच्या नावानं

सुक्या कचऱ्याची पिशवी गाडीत टाकण्याआधी सुमनबाई ती फाटकातच उघडून बघायच्या. आत न धुतलेली दुधाची पिशवी निघाली की ती दोन बोटांत धरून थेट माझ्या दारात. "आप्पा, दूध तुम्ही प्यायचं आन् वास आमी घ्यायचा व्हय?" आमची कारेगावची कॉलनी म्हणजे निम्मी शिफ्टवाल्यांची, शेजारी कोण राहतं हे शेजाऱ्याला ठाऊक नसतं. बाईंना मात्र घर न् घर माहीत. "कचरा बघितला की माणूस कळतं," म्हणायच्या. मला तर त्यांचा धाकच होता, आणि खरं सांगायचं तर लळाही.

गेल्या वर्षी गाडीवरच्या सगळ्यांनी संप केला. मागणी काय, तर हातमोजे, बूट आणि आठवड्याची एक सुट्टी. आदल्या दिवशी बाई घरोघर सांगून गेल्या, "सुका कचरा घरातच ठिवा, वल्यात मिसळू नका. आमी आलो की समदा नेऊ."

पंधरवड्यात गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. खोकी, बाटल्या, त्यात झुरळं. बायको वैतागली, मीही वैतागलो. कॉलनीत अर्ज लिहायचा म्हटलं की माझाच नंबर. कचऱ्याच्या ठेकेदाराच्या छापील तक्रार फॉर्मवर एक रकाना होता, कर्मचाऱ्याचे नाव. तीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस मी. रकाना मोकळा सोडवतच नाही. गाडीवर चौघं होते आणि मला नाव एकच ठाऊक होतं. तेच लिहिलं, वर फॉर्मचा फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी घर नंबर तेवढा बदलून तो जसाच्या तसा उतरवला. कुणीच विचार केला नाही, मी तर नाहीच नाही.

संप मिटला, गाडी आली. सुमनबाई नव्हत्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाकीच्यांना घेतलं माघारी. मावशीच्या नावावर गठ्ठाभर तक्रारी हायेत म्हणं." बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीवर. तडक ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो, हात जोडले. तिथल्या माणसानं फॉर्म पुढं सरकवला. "सही तुमचीच ना?" माझीच होती.

बाई शिरूरला एका भंगारवाल्याकडे बाटल्या निवडताना सापडल्या, उघड्या हातांनी. मला बसायला त्यांनी खोकं पुढं केलं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या बाटल्या निवडत राहिल्या.

"संपाची तक्रार करायची तर करायची हुती. माझ्या एकटीचं नाव कशापायी?"

"दुसऱ्या कुणाचं ठाऊकच नव्हतं, बाई."

"म्हंजी म्या वळख ठिवली, हीच चूक झाली म्हणा."

मी घाईघाईनं म्हणालो, "उद्याच नवा अर्ज लिहितो. सगळ्यांच्या सह्या घेतो."

"नगं, आप्पा," बाटली पोत्यात टाकत त्या म्हणाल्या. "आता माझ्या नावानं काय बी लिवू नका."