रशीदचाचांची जबान

"काका, नाव सांगा," पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं. ऑपरेशन टेबलावरचे रशीदचाचा गोड हसले. बोलले मात्र नाहीत.

हा माणूस गप्प? जानेफळात चाचांचं बियाण्याचं दुकान. सकाळी मी वॉर्डात त्यांना ऑपरेशनची माहिती द्यायला गेलो, तर सगळा वेळ तेच बोलत होते. "हातपाय लुळे पडले तरी चालते, जबान नाई गेली पाह्यजे. यंदा बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली. मानसं दुकानात येऊन रडून राह्यली. त्याईच्याशी बोलाले कोन हाय?"

मी हृदयाची उपकरणं पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस. डॉक्टर ती वापरताना शेजारी उभं राहायचं, ही माझी नोकरी. चाचांच्या हृदयाची झडप कॅल्शियमचा चुना साठून कडक झाली होती. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन आत नवी झडप बसवायची होती. तेव्हा जुन्या झडपेचे कण सुटतात. ते मेंदूत गेले की लकवा, नाहीतर वाचा बंद. म्हणून आधी मनगटातून मेंदूच्या वाटेवर फिल्टर लावतात. आपली चहाची गाळणीच, फक्त फार बारीक. पण मेंदूकडे जाणारी प्रत्येक वाट त्यानं झाकली जात नाही. पेशंट जागा असतो, म्हणून झडप बसली की लगेच त्याला बोलायला लावतात.

झडप झकास बसली, फिल्टर बाहेर आला, आणि चाचा मुके.

"दोन्ही हात वर करा." केले. "जीभ दाखवा." दाखवली. "आता नाव?" पुन्हा तेच हसू.

"स्पीच गेलंय. सीटी स्कॅनची तयारी करा." डॉक्टर माझ्याकडे वळले. "फिल्टर नीट बसला होता ना?"

"स्क्रीनवर तुम्हीही पाहिलात, सर." माझीही वाचा जायच्या बेतात होती.

मी बाहेर चाचांच्या बायकोकडे धावलो. "चाची, चाचा बोलत नाहीत."

"कसे बोलतीन?" चाची निवांत म्हणाल्या. "आत नेतानी मी कसम घातली ना. हे डाक्टरले गप्पात गुतवतीन अन् त्याचा हात चुकीन. म्हनलं, मी येईपर्यंत एक शब्द नाई."

मी भिंतीला टेकून हसत सुटलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. चाचींना गाऊन-मास्क चढवून आत नेलं.

"अब बोलो जी," त्या म्हणाल्या.

"नाव रशीद, मुक्काम जानेफळ," चाचा सुटले, "अन् डाक्टरसाब, तुमी येवढे घाबरले काऊन?"

सिस्टरला हसून हसून उचकी लागली. डॉक्टर स्टुलावर बसले आणि मास्कच्या आत हसत राहिले. मग त्यांनी चाचांना फिल्टर दाखवला. जाळीत तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे अडकले होते.

"हे माह्या जबानीवर येनार होतं?"

"येऊ शकलं असतं."

चाचांनी डॉक्टरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

महिन्याभरानं तब्येत विचारायला फोन केला, तर मागून दुकानातला गलका ऐकू आला. "मंग बोलतो," चाचा म्हणाले, "एक भाऊ लई खचून आला, त्याच्याशी बोलून राह्यलो." फोन बंद.

आता मी प्रत्येक पेशंटला आत नेण्याआधी विचारतो, घरच्यांनी काही कसम घातली आहे का? नवे डॉक्टर हसतात. पुण्याचे ते डॉक्टर हसत नाहीत.